रेगिनचा चेहरा

हाल्दिस काकू फळीसमोर उभी राहिली ती राहिलीच. काखेत भाकऱ्यांची टोपली होती, हातात आंबट दुधाचं मडकं होतं, आणि दोन्ही खाली ठेवायचं तिला भान नव्हतं.

आस्लाक तिच्या मागे उभा राहून अंगावरचा भुसा झटकत होता. झटकण्यासारखं खरं तर काही नव्हतंच. फळ्या दूर किनाऱ्यावर, त्याच्या उस्तादाच्या पडवीत कोरून झाल्या होत्या आणि हिवाळ्यातच घसरगाडीवरून खोऱ्यात आल्या होत्या. तेव्हापासून त्या कातड्यात गुंडाळून नव्या चर्चच्या मागे पडून होत्या. कातडं त्याने आज सकाळी सोडलं. उद्या संत ओलाफचा सण. उद्या बिशप येणार, दारावर पवित्र पाणी शिंपडणार, आणि एकदा ते पाणी पडलं की त्या लाकडाला कुणी लोखंड लावायचं नाही, छिन्नीसुद्धा नाही, असा आमच्याकडचा दंडक. तेव्हा दाराच्या दोन बाजूंच्या या दोन फळ्या आजच उभ्या राहायला हव्या होत्या. खिळे घेऊन तोव काका दुपारी येणार होता.

"ही उजवीकडची ना?" काकूने विचारलं.

"हो. डावीवर तलवार घडते. हिच्यावर सगळं संपतं."

गोष्ट तिला सांगायची गरज नव्हती. सिगुर्डची गोष्ट आमच्या खोऱ्यात पोरं दुधाबरोबरच पितात. बाप नसलेला सिगुर्ड, आणि त्याला पोसणारा रेगिन लोहार. रेगिनचा सख्खा भाऊ फाफ्नीर सोन्याच्या राशीवर बसून बसून ड्रॅगन झालेला. रेगिनने तलवार घडवून दिली, सिगुर्डने खड्ड्यात दबा धरला आणि ड्रॅगन वरून सरपटत जाताना त्याचं पोट फाडलं. मग त्याचं काळीज विस्तवावर भाजताना सिगुर्डचा अंगठा पोळला, तो त्याने तोंडात घातला, आणि त्या रक्ताची चव लागली तशी त्याला पाखरांची बोली कळायला लागली. पाखरं म्हणत होती, अरे वेड्या, हा रेगिन तुला मारणार आहे, तूच त्याला आधी मार. सिगुर्डने मारलं. चर्चच्या दारावर असलं काही चालतं का, असं पाद्रीबाबांना कुणी विचारलं तर ते म्हणत, ड्रॅगन म्हणजे सैतान, आणि सैतान मेलेला कुठेही शोभतो.

उजव्या फळीवर, अगदी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, रेगिन मरत होता. तलवार छातीतून आरपार गेलेली, तोंडातून रक्ताची धार.

"दाढी उजवीकडे आखूड," काकू म्हणाली.

"भट्टीकडची बाजू जळतेच. लोहार आहे ना तो."

"खालचा ओठ दातात."

"हं."

"डावी भुवई मधोमध तुटलेली."

चेहरा तिच्या नवऱ्याचाच, तोव काकाचा होता. या क्षणाची आस्लाकने दोन वर्षं वाट पाहिली होती. काकू रडेल, नाहीतर शिव्या घालेल, आणि मग आपण एकच वाक्य बोलायचं, असं त्याने ठरवलं होतं. वाक्य पाठ होतं. आवाज जरा फाटला, पण त्याने ते म्हटलं.

"काकाला विचार, बर्फ त्याने तपासला होता का."

काकू वळली. ती रडत नव्हती. रागावलीही नव्हती, आणि त्याला तर तिचा रागच हवा होता.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"दादाने."

"गुन्नुल्फने!" तिने मडकं खाली ठेवलं, टोपली खाली ठेवली आणि ओल्या गवतात फतकल मारून बसली. "गुन्नुल्फने सांगितलं. धन्य आहे बाबा. बस इथे."

"मी उभाच बरा आहे."

"बस म्हणते ना! काकाच्या मांडीवर बसलास तेव्हा नाही लाजलास, आता काकूशेजारी बसायला लाजतोस होय?"

तो बसला. बाप गेल्यावर आठव्या दिवशी सगळ्या खोऱ्याच्या देखत तोव काकाने सात वर्षांच्या आस्लाकला उचलून मांडीवर घेतलं होतं. आमच्याकडे एकदा मांडीवर घेतलं की ते पोर आपलं, मग त्यात मागे फिरणं नाही.

"वसंतातला बर्फ कसा असतो तुला माहीत आहे," काकू म्हणाली. "घसरगाडीच्या पुढे एकजण लोखंडी टोकाचा खांब घेऊन चालतो. टोचून बघतो, बर्फ धड असेल तिथे फांदी रोवतो. मागचा फांद्या बघत गाडी हाकतो. तुझा बाप तसाच फांद्या बघत तळ्यावर आला, आणि बर्फ फुटला."

"आणि फांद्या काकाने रोवल्या होत्या. खोऱ्यात कुणालाही विचार."

"खोऱ्याला तसं सांगितलंय. काका काठावर घोड्याचा नाल ठोकत बसला होता. खांब घेऊन पुढे गेला होता तुझा दादा. तेरा वर्षांचं पोर, थंडीने गारठलेलं. त्याने टोचलंच नाही रे. सरळ धावत गेला आणि पलीकडच्या काठापर्यंत फांद्या रोवून मोकळा झाला. मी सरपणाला गेले होते. खांब मीच उचलला. टोक कोरडं ठणठणीत होतं."

आस्लाकच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"तुझ्या काकाने पोटावर सरपटत जाऊन भावाचा हात धरला होता. खांदा निखळेपर्यंत धरला. मग हात सुटला. काका काठावर आला आणि पहिलं काय म्हणाला असेल? 'फांद्या मी रोवल्या.' लोक जमायच्या आत म्हणाला. मला देवाची शपथ घातली. पोराच्या डोक्यावर बापाचं मरण नको, म्हणाला. आता लोक काय, भाऊ मेला म्हटल्यावर शेत कुणाला हवं होतं ते बोलायला लागले. म्हणून आम्ही मोठं घर सोडून ओढ्याकाठच्या लोहारशाळेत राहायला गेलो. चोवीस वर्षं झाली." तिने गवताची काडी तोडली. "आज मी शपथ मोडली. पाप लागायचं ते लागू दे."

आस्लाकला बापाचा चेहरा आठवत नव्हता. म्हणूनच की काय, दोन्ही फळ्यांवर सिगुर्ड नुसता गोल, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला उतरला होता. उस्ताद म्हणाला होता, "तुझा नायक म्हणजे सोललेलं अंडं आहे. पण हा लोहार बघ, आता शिंकेल असं वाटतं." आणि आस्लाक खूश झाला होता. काका कधी तळ्याच्या बर्फावर पाऊल ठेवत नसे, बाजाराला जायचं तरी अर्धा दिवस वळसा घालून जायचा. लहानपणी आस्लाकला पाठीवर घेऊन जायचा. हा वळसासुद्धा आस्लाकने दोन वर्षं काकाच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून मोजला होता. आता त्याला स्वतःच्या हातांकडे बघवेना.

तो उठला आणि चर्चपुढच्या हिरवळीवर गेला. गुन्नुल्फ तिथे बिअरची पिंपं लावून घेत होता. चर्चचं लाकूड त्याच्या रानातलं, उद्याचं जेवण त्याचं, त्यामुळे सकाळपासून तो छाती पुढे काढून फिरत होता. त्यांची बहीण गिरिद मेजांवर कापडं अंथरत होती.

"दादा, फांद्या कुणी रोवल्या होत्या?"

गुन्नुल्फच्या हातात पिंपाचं बूच होतं. कसल्या फांद्या, असं त्याने विचारलं नाही.

"हळू बोल," तो म्हणाला. "लोक आहेत."

"कसल्या फांद्या?" गिरिदने विचारलं. "आस्ला, तोंड का असं पांढरं पडलंय तुझं?"

आस्लाकने तिला सांगितलं. चार वाक्यांत झालं सगळं. गिरिद जवळच्या बाकावर टेकली.

"माझ्या लग्नात," ती म्हणाली, "मी काकाला दाराजवळ बसवलं. गड्यांच्या रांगेत. तू म्हणालास, दादा, सासरच्या माणसांना बरं दिसणार नाही. आणि मी बसवलं."

"मी काय मुद्दाम..." गुन्नुल्फने बूच पिंपावर ठेवलं, पुन्हा उचललं. "आस्ला, शपथेवर सांगतो, दोन वर्षांपूर्वी यूलला, नाताळच्या जेवणाला, मी तुला खरं सांगायलाच बसलो होतो. दोन पेले घेतले, धीर केला. म्हटलं, 'बाबा बर्फावर गेले त्या दिवशी...' आणि तू मध्येच म्हणालास, 'काका होता ना पुढे?' मी हो म्हणालो."

"हो म्हणालास."

"तू इतक्या खात्रीने विचारलंस! आणि एकदा हो म्हटल्यावर पुढचंही जुळवून द्यावं लागलं."

"काकाला शेत हवं होतं, हे जुळवलंस?"

"ते लोक म्हणायचेच."

"तेरा वर्षांचा होतास, कबूल. पण नंतर चौदाचा झालास, वीसचा झालास. आता पोरंबाळं आहेत तुला. एका दिवशी तरी ओढ्यापर्यंत चालत जाता आलं नाही?"

"कितीदा गेलोय," गुन्नुल्फ म्हणाला. "नाल ठोकून घेतो आणि परत येतो."

मग तिघं फळीपाशी आली. गिरिदने चेहरा पाहिला आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. गुन्नुल्फ वाकून बघायला गेला आणि चटकन मागे सरला.

"मी काढून टाकतो हा," आस्लाक म्हणाला. "काका यायच्या आत."

"काढशील कसा?" गुन्नुल्फ म्हणाला. "डांबराने काळीभोर झालीय फळी. चेहरा तासलास की पांढरा डाग पडणार, भर मधोमध. उद्या बिशपपासून गुराख्यापर्यंत सगळे विचारतील, इथे काय होतं म्हणून."

"विचारू देत. खरं सांगेन."

"कुणाचं खरं? माझं की तुझं?"

आस्लाक हत्यारांकडे वळला. काकाने न केलेलं पाप आपण काकाच्या तोंडावर कोरलं, हे सांगायचं म्हणजे दोन्ही आलंच.

"दाढी तरी जरा सारखी कर ना," गिरिद रडवेल्या आवाजात म्हणाली. "उजवीकडून थोडी वाढव."

"लाकडाला दाढी वाढत नसते ताई. कापताच येते."

त्याने पटाशी घेतली, मोगरी घेतली. धार भुवईवर टेकवली. मोगरी वर उचलली.

"असा मारलास तर फळी उभी चिरेल," मागून आवाज आला. "आधी कडा सुट्या कर."

तोव काका खिळ्यांची पिशवी खांद्यावर टाकून उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. त्याने पिशवी उतरवली, आस्लाकला मनगटाला धरून उजेडातून बाजूला केलं आणि फळीकडे पाहिलं. गिरिद मान खाली घालून राहिली. काकू गवतातून उठली नाही.

"रेगिन का हा?"

"हो."

"मी आहे."

"हो, काका."

काकाने बोट पुढे केलं आणि लाकडातल्या भुवईवरून फिरवलं. "ही ठिणगी तुझ्यामुळेच उडाली होती. भाता हळू ओढ म्हटलं तर अंगात आल्यासारखा ओढलास. नऊ वर्षांचा होतास."

"आठवतंय."

"हुबेहूब उतरलीय." मग तो डाव्या फळीकडे गेला. तिथेही रेगिन होता, ऐरणीशी उभा. तिथे मात्र काकाच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? हातोडा इतका पुढे धरतात? असा धरून मी तुला शिकवला?"

"नाही."

"मग? तोंड माझं आणि हात कुठल्या नवशिक्याचा? खोऱ्यातला प्रत्येक माणूस बघणार हे उद्या!"

त्या दिवसात काका रागावला तो एवढाच. आस्लाकला वाटलं, त्यापेक्षा याने तोच हातोडा आपल्या डोक्यात घातला असता तर सोपं झालं असतं.

"काका, काकूने सांगितलं मला. फांद्यांचं."

काकाने काकूकडे पाहिलं. काकूने नजर चुकवली नाही.

"तिला तोंड आवरत नाही," काका म्हणाला. मग फळीकडे वळून त्याने विचारलं, "किती दिवस लागले याला?"

"दोन हिवाळे."

"मी समोर नसताना? नुसतं आठवून?"

"हो."

काकाने खालचा ओठ दातात धरला. फळीवर होता अगदी तसाच. आस्लाकला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो म्हणाला, "काढून टाकतो मी. पांढरा डाग तर पांढरा डाग."

"नको. दोन हिवाळ्यांचं काम आहे. आणि लोक विचारत बसतील, ते आणखी कशाला?" त्याने मुठीत चार खिळे घेतले. "तू फळी धर. गुन्नुल्फ, तू खालून आधार दे. उजेड आहे तोवर उरकू."

"काका..." गुन्नुल्फ म्हणाला.

"खालून, म्हटलं ना."

डावी फळी आधी बसवून झाली. मग उजवीशी गुन्नुल्फ गुडघ्यांवर बसला आणि त्याने फळीखाली दोन्ही हात घातले. आस्लाकने छाती लावून फळी भिंतीशी दाबली. मरणारा रेगिन त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर होता. पहिला खिळा गेला, आणि ठोकण्याच्या आवाजाने हिरवळीवरची माणसं एकेक करून जमली. मेजं मांडणारे आले, पिंपवाले आले. पाद्रीबाबा हातातली मेणबत्ती तशीच घेऊन आले.

"अरे तोव!" गिरणीवाला टूरे खदखदून हसला. "तू कधी चढलास रे फळीवर?"

दोघं-तिघं हसले. मग ज्याला त्याला तलवार दिसली, कोण कुणाला मारतंय ते दिसलं, आणि हसू विरलं. मागून एका म्हातारीने शेजारणीला सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं:

"सख्ख्या भावाला गिळून बसलेला तो. पोसलेल्या पोरालाही कळलं म्हणायचं अखेर."

पाद्रीबाबा पुढे आले. फळीवरचा चेहरा बघितला, काकाचा बघितला.

"तोव, हा काय प्रकार? देवाच्या दारावर जित्या माणसाला दगाबाज म्हणून कोरायचं? यात कुणाचा काही राग असेल तर आत्ताच बोला. उद्या पाणी पडलं की हे राहिलं ते राहिलं. तुमच्या नातवंडांची नातवंडंसुद्धा हेच बघत आत जातील."

काकाने तोंडातला खिळा काढला.

"कसला राग? मीच म्हटलं त्याला. त्याला एक म्हातारा लोहार हवा होता, म्हटलं माझा घे. खोऱ्यात दुसरा लोहार आहे कुठे?"

टूरेला पुन्हा हसू आलं. म्हातारीला आलं नाही. पाद्रीबाबांनाही नाही. ते आस्लाककडे वळले.

"आस्लाक, खरं आहे हे? काकाने स्वतः सांगितलं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. गिरिद बघत होती, काकू बघत होती. पायाशी गुन्नुल्फ फळी पेलून मान खाली घालून बसला होता आणि त्याचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. नाही म्हणायचं. सुडाने कोरलं, आणि सूड खोट्यावर होता, एवढंच म्हणायचं. आस्लाकला शब्दही सापडले होते. मग त्याला दिसलं की उद्या बिशपपुढे, सगळ्या खोऱ्यापुढे, आपण कोण म्हणून उभे राहणार. पोसणाऱ्या बापाला चर्चच्या दारावर भोसकणारा. दोन्ही हात फळीला गुंतले होते, तोंड मोकळं होतं.

"हो," तो म्हणाला. "काकाच म्हणाला."

खाली गुन्नुल्फने मान वर केली आणि धाकट्या भावाकडे पाहिलं. त्या नजरेत सुटकाच होती, आणि थोडी आपुलकीसुद्धा. इतक्या आपुलकीने दादाने त्याच्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं.

गिरिद पाठ फिरवून मेजांकडे निघून गेली. पाद्रीबाबांनी मान हलवली, माणसं पांगली. काका पुन्हा फळीकडे वळला. राहिलेले तीन खिळे त्याने सावकाश ठोकले, हातोडा मागे, अगदी टोकाला धरून, आणि फळी दोन वेळा हलवून पाहिली.

"सोड आता," तो आस्लाकला म्हणाला. "पक्की बसली. आता निघायची नाही."